सुईपेक्षा इस्त्री, ओव्हनपेक्षा फ्रिज

ह्या वेळी पत्रांचा गठ्ठा उघडला आणि हसूच आलं, निम्मे लोक क्विल्ट, म्हणजे तुकडे जोडून केलेली गोधडी, शिवतायत, निम्मे कुकीज भाजतायत, आणि दोन-चार जणांनी दोन्ही एकदम काढलंय आणि आता ते रडकुंडीला आलेत. डिसेंबरच्या सुट्ट्या जवळ आल्या की हे ठरलेलंच. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आलेत तेच घेतलेत. आधीच सांगून टाकते, ह्यातल्या निम्म्याहून जास्त तक्रारींमध्ये मशीनचा आणि ओव्हनचा काही दोष नाहीये. क्विल्ट बिघडते ती इस्त्रीच्या टेबलावर आणि कुकी बिघडते ती फ्रिजच्या बाहेर.

प्रश्न: ताई, मी पहिल्यांदाच क्विल्ट करतेय, नऊ ब्लॉकची, म्हणजे तुकडे जोडून केलेल्या नऊ चौकोनांची. प्रत्येक ब्लॉक साडेबारा इंचाचा व्हायला हवा होता. काही बारा झाले, काही सव्वाबारा, एक तर पावणेबाराच. मशीन नवीन आहे, कापड पण रोटरी कटरने पट्टी लावून कापलंय. आता जोडायला घेतलं तर एकही कोपरा जुळत नाहीये. कुठे चुकतंय?

उत्तर: अहो, माया चुकतेय, म्हणजे टिपेच्या बाहेर सोडलेलं कापड. क्विल्टमध्ये माया पाव इंच धरतात, कारण तुकडे लहान आणि शिवणी भरपूर, कपड्यांना ठेवतो तेवढी माया ठेवली तर मागून नुसती जाडजूड गाठोडी होतील. पण पाव इंच म्हणजे पाव इंचच हं. गंमत बघा, तुमची टीप फक्त अर्धा सूत आत गेली, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, तर दोन्ही बाजूंचं कापड धरून एका शिवणीत एक सूत गेलं. एका ओळीत आठ शिवणी असतील तर आठ सूत, म्हणजे अख्खा एक इंच गायब. डोळ्याला टीप एकदम सरळ दिसते, आपण मशीनवर चिडतो, आणि इंच मात्र असा सुतासुताने गेलेला असतो.

आज एक करा. उरलेल्या कापडाच्या दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, शेजारीशेजारी शिवा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. ती बरोबर एक इंच भरली पाहिजे. कमी भरली तर तुम्ही माया जास्त घेताय. मग मोजपट्टी मशीनच्या सुईखाली ठेवा, चाक हाताने फिरवून सुई पाव इंचाच्या रेघेवर अलगद टेकवा, आणि मोजपट्टीची कड जिथे येते तिथे मशीनवर कागदी चिकटपट्टी लावून टाका. आता कापडाची कड त्या चिकटपट्टीला घासत न्यायची, सुईकडे बघायचंच नाही. आणि पाव इंचापेक्षा एक धागाभर कमीच घ्या, कारण शिवण उलगडून दाबली की घडीत थोडं कापड खाल्लं जातं.

पण मला तुमच्या पत्रातलं दुसरंच एक वाक्य खटकलं, तुम्ही लिहिलंय की 'प्रत्येक ब्लॉकला वाफेची इस्त्री जोरात फिरवली'. तिथेच घात झाला. शर्टाला फिरवतो तशी इस्त्री ब्लॉकवर फिरवायची नसते. उचलायची, ठेवायची, दाबायची, परत उचलायची. त्रिकोणी तुकड्याची एक कड उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरकी, असते आणि उरेब कड गरम वाफेखाली रबरासारखी ताणली जाते, एकदा ताणलेली परत येत नाही. आधी शिवण जशी आहे तशीच मिटलेली दाबा म्हणजे टाके कापडात बसतात, मग उलगडून माया गडद रंगाच्या बाजूला वळवून दाबा. एका ओळीतल्या माया उजवीकडे, पुढच्या ओळीतल्या डावीकडे. असं केलंत की दोन ओळी एकमेकींवर ठेवल्यावर शिवणी एकमेकींत खटकन बसतात, बोटाला जाणवतं ते, टाचणी नाही लावली तरी चालेल इतकं.

आता झालेल्या ब्लॉकचं काय. सगळे कापून पावणेबाराला आणू नका, त्रिकोणांची टोकं उडतील. त्यापेक्षा प्रत्येक ब्लॉकच्या चारी बाजूंना एकाच रंगाची दोन इंचाची चौकट लावा आणि मग सगळे ब्लॉक चौदा इंचावर सारखे छाटा. काही चौकटी बारीक होतील, काही जाड, पण ते मुद्दाम केल्यासारखं दिसतं. मी केलंय, कोणी विचारलं नाही.

प्रश्न: ओव्हन १८० ला, रेसिपी तीच, एकाच पिठाच्या कुकीज. पहिला ट्रे मस्त आला, दुसरा ट्रे सगळा पसरून एकच मोठी चपटी पोळी झाली. असं कसं होऊ शकतं?? ओव्हन खराब झालाय का?

उत्तर: ओव्हनला सोडा हो, तुमच्या पत्रातच उत्तर आहे. पहिला ट्रे गार होता. दुसऱ्या वेळी तुम्ही तोच ट्रे वापरलात, गरमागरम, आणि त्यावर गोळे ठेवलेत. बरोबर ना? आणि उरलेलं पीठ पंधरा-वीस मिनिटं ओट्यावर ओव्हनच्या शेजारी बसून होतं.

बटर साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं. कुकी ओव्हनमध्ये गेली की दोन गोष्टींची शर्यत लागते, एकीकडे बटर वितळून पसरायला बघतं आणि दुसरीकडे मैदा-अंडं शिजून आकार धरायला बघतं. गोळा गार असेल तर बटर वितळायला वेळ लागतो, तोवर कडा सेट होतात. गरम ट्रेवर ठेवला तर ओव्हनचं दार लावायच्या आधीच खालचं बटर सुटलेलं असतं. दोन ट्रे घ्या, नाहीतर तोच ट्रे नळाखाली धरून गार करा, पुसा, मग गोळे मांडा. अगदी धगधगता पातळ ट्रे एकदम पाण्याखाली नका धरू, वाकतो, पाच मिनिटं थांबा.

आणि पीठ फ्रिजमध्ये ठेवायचं. किमान तासभर, रात्रभर ठेवलंत तर सोन्याहून पिवळं. नुसतं बटर घट्ट होण्यासाठी नाही, तेवढ्या वेळात मैदा ओलावा शोषून घेतो, पीठ एकजीव होतं आणि भाजल्यावर रंग आणि चव दोन्ही खोल येतात. चॉकलेट चिप कुकी जिने आणली ती रूथ वेकफील्ड, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या व्हिटमन गावात टोल हाउस नावाचं रेस्टॉरंट चालवायची, १९३० च्या दशकातली गोष्ट, ती सुद्धा हे पीठ रात्रभर गार ठेवायची. ती कुकी 'चुकून झाली' अशी गोष्ट सगळीकडे सांगतात, मला ती कधीच पटली नाही, बाई गृहविज्ञान शिकलेली होती, तिने विचार करूनच केलं असणार.

अजून दोन चोर असतात. पहिला, बटर फार मऊ करून फेटणं. १८ ते २० अंश पुरे, बोट दाबलं तर खळगा पडावा पण बोटाला चकाकी लागू नये. तेलकट दिसायला लागलं म्हणजे उशीर झाला, ते पीठ पसरणारच. दुसरा चोर म्हणजे कप. डब्यात कप खुपसून मैदा काढला तर एका कपात १५० ग्रॅमपर्यंत बसतो, चमच्याने भुरभुरवून भरला तर १२० ते १२५. रेसिपी कुठल्या हाताने लिहिली ते आपल्याला कळत नाही, म्हणून वजनकाटा घ्या बाई, कुकीजसाठी एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर तीच. दुसरी घ्यायची असेल तर ओव्हनमध्ये टांगायचा थर्मामीटर, कारण ओव्हनच्या बटणावर १८० लिहिलंय म्हणजे आत १८० आहे असं अजिबात नसतं, दहा-पंधरा अंश इकडेतिकडे सर्रास असतं.

प्रश्न: बेकिंग पावडर संपली, सोडा आहे, तेवढाच टाकू का?

उत्तर: नको, साबणासारखी चव लागेल. सोडा पावडरच्या तीन-चार पट जोराचा असतो आणि त्याला फुगायला आंबट काहीतरी लागतं, ब्राऊन शुगर, मध, ताक असं. पावडरमध्ये ते आंबट आधीच मिसळलेलं असतं. पिठात ब्राऊन शुगर असेल तर पावडरच्या पाव मापाने सोडा टाकून बघा, कुकी जरा जास्त पसरेल आणि जास्त तांबूस होईल. फक्त पांढरी साखर असेल तर सरळ दुकानात जा.

प्रश्न: भाच्याच्या बाळासाठी लाल-पांढरी क्विल्ट केली, तीन महिने खपले. काल पहिल्यांदा धुतली आणि सगळा पांढरा भाग गुलाबी झालाय. अजून ओलीच आहे, मला काही सुचत नाहीये, उन्हात टाकू का?

उत्तर: उन्हात नको, ड्रायर नको, इस्त्री तर मुळीच नको! ओली आहे हेच तुमचं नशीब. उष्णतेने वाळली की तो गुलाबी रंग घट्ट बसतो. (हे उत्तर छापून येईपर्यंत उशीर होईल म्हणून ह्यांना आधीच कळवलंय, बाकीच्यांनी वाचून ठेवा.)

टब किंवा मोठं पिंप घ्या, चांगलं गरम पाणी भरा आणि त्यात सढळ हाताने लिक्विड साबण घाला. क्विल्ट पूर्ण बुडाली पाहिजे, वर तरंगणारा भाग रंग परत शोषतो म्हणून त्यावर काहीतरी ठेवून दाबून ठेवा. दहा-बारा तास तशीच राहू द्या. सुटलेला रंग पाण्यात पसरतो आणि भरपूर पाणी आणि साबण असला की तो परत कापडावर न बसता पाण्यातच राहतो, म्हणून इथे पाण्यात काटकसर करायची नाही. सकाळी पाणी गुलाबी दिसलं तर ओता आणि परत तेच. काहींना एकदा पुरतं, काहींना चार वेळा लागतं, पाणी स्वच्छ येईपर्यंत थांबायचं नाही. उचलताना दोन्ही हातांनी खालून आधार द्या, ओली क्विल्ट इतकी जड होते की एका टोकाला धरून ओढलीत तर टाके तुटतील.

मीठ आणि व्हिनेगरचं तुम्ही विचारलंय, त्याने काही होत नाही. रंगाऱ्याच्या पिंपात मीठ घालतात ते रंग धाग्याकडे ढकलायला, आपल्या घरच्या बादलीत ते सुटलेला रंग पक्का करत नाही. पुढच्या वेळी लाल, मरून आणि गडद निळं कापड कापायच्या आधी धुवा, किंवा निदान पांढरं फडकं ओलं करून त्यावर जोरात घासून बघा. फडकं रंगलं की समजायचं.

प्रश्न: ताई, वडील जाऊन आठ महिने झाले. त्यांचे अकरा शर्ट आईने धुऊन घडी करून ठेवलेत, ती म्हणते ह्यांची काहीतरी पांघरायची वस्तू कर. मला शिवण येतं पण कात्री उचलवत नाहीये. एकदा कापलं की गेलं ना.

उत्तर: तुझं पत्र मी दोनदा वाचलं. घाई करू नकोस, आठ महिने हा काही फार वेळ नाही झाला.

तुला एक सांगते. अमेरिकेत अलाबामात नदीच्या एका वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे, तिथल्या कृष्णवर्णीय बायकांच्या क्विल्ट २००२ मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात लागल्या आणि मग जगभर गाजल्या. त्यातली मिझूरी पेटवे नावाची बाई, तिचा नवरा गेला तेव्हा १९४२ मध्ये तिने त्याचे शेतात घालायचे कपडे घेतले आणि मुलीला हाताशी धरून त्याची क्विल्ट केली. पँटी, शर्ट, सगळं विटलेलं, गुडघ्याशी झिजलेलं. फोटोत बघशील तर काही ठिकाणी कापड विटून दोन रंगांचं झालेलं दिसतं. तिने ते लपवलं नाही. तिला पांघरायचं होतं, कपाटात ठेवायचं नव्हतं.

आता कामाचं. एक शर्ट बाजूला ठेव, जो सगळ्यात जास्त त्यांचा वाटतो तो, त्याला कात्री लावायचीच नाही. उरले दहा. सगळ्यांचे फोटो काढ, बटणं लावून, हँगरवर. मग सुरुवात सगळ्यात साध्या शर्टाच्या पाठीपासून कर, पुढून नाही. पाठीचा भाग म्हणजे नुसतं सपाट कापड, त्यात चेहरा नसतो, कात्री तिथे चालते. पाठीतून बारा इंचाचा एक चौकोन आरामात निघतो, पुढच्या दोन भागांतून सहा-सात इंचाचे लहान, बाह्यांतून अजून लहान. कॉलर आणि कफ सोडून दे, आत कडक अस्तर असतं, सुई मोडते. कोपराजवळचं कापड उजेडात धरून बघ, विरळ झालं असेल तर घेऊ नकोस किंवा मागून चिकटणारं पातळ अस्तर इस्त्रीने लाव. शर्टांत टी-शर्ट असतील तर त्यांना ते अस्तर लावावंच लागेल, स्वेटरसारखं ताणलं जाणारं विणलेलं कापड असतं, नाहीतर ओढलं जाईल. काही शर्ट मिश्र धाग्याचे असतील, त्यांना इस्त्री कमी गरम ठेव, कोपऱ्यात आधी करून बघ.

आणि निदान एका चौकोनात खिसा तसाच ठेव. उसवू नकोस, तोंड शिवून बंदही करू नकोस. माझ्या काकांच्या शर्टांची मी केली त्यात एक खिसा राहिलाय, घरातलं सगळ्यात धाकटं पोर त्यात पेन्सिली ठेवतं, रात्री पांघरलं की टोचतात, पण कोणी काढत नाही.

प्रश्न: मधला थर कुठला घ्यावा आणि टाके किती अंतरावर? सांगणारे दहा, उत्तरं अकरा.

उत्तर: पाकिटावर छापलेलं असतं हो, कोणी वाचतच नाही. कुठल्या थराला शिवणींमध्ये जास्तीत जास्त किती अंतर चालतं ते कंपनीच लिहून देते, काहींना तीन-चार इंच, काहींना आठ-दहा. त्याच्या वर गेलात तर धुतल्यावर आतला कापूस गोळा होणार. सुती थर चपटा आणि जड बसतो, पॉलिएस्टर फुगीर आणि हलका. हाताने धावदोरा घालणार असाल तर पातळ घ्या, सुई सुटसुटीत जाते. तिन्ही थर एकत्र करताना खालचं कापड चारी बाजूंनी चार-चार इंच मोठं ठेवा, जमिनीवर सपाट पसरून कडा चिकटपट्टीने लावा, ताणू नका, सुरकुती जाईल इतपतच. मग तळहाताएवढ्या अंतरावर सेफ्टी पिना लावा किंवा कच्चा टाका घाला. आणि मशीनने शिवणार असाल तर मधून बाहेर जा, बाहेरून मध्ये आलात तर सगळी झोळ मध्यभागी जमते.

प्रश्न: कडेच्या गोटाला किती पट्ट्या लागतात हे मला कधीच कळत नाही, दर वेळी कमी पडतं.

उत्तर: तुम्ही एकट्या नाही. माझी क्विल्ट ६० बाय ७२ इंचाची होती. चारी बाजू मिळून २६४ इंच, त्यात शेवट जोडायला आणि कोपऱ्यांना म्हणून १२ धरले, झाले २७६. कापडाच्या रुंदीतून एक पट्टी ४० इंचाची निघते, सात पट्ट्या म्हणजे २८०, वा वा, पुरलं. रात्री साडेअकराला चौथ्या बाजूला पोचले आणि दोन टोकं एकमेकांकडे बघतायत, जोडायला कापडच नाही. काय झालं होतं, पट्ट्या आपण तिरक्या जोडतो ना, जोड जाड होऊ नये म्हणून, तर अडीच इंचाच्या पट्टीला प्रत्येक जोडात साधारण अडीच इंच जातात. सहा जोड, पंधरा इंच. २८० चे २६५ झाले. आणि कापड संपलेलं होतं, शेवटी वेगळ्याच रंगाचा तुकडा घातला, आता सगळ्यांना सांगते की ती डिझाइन आहे. तर हिशोब करताना जोडांचे इंच आधी वजा करा, माझ्या मापाला आठ पट्ट्या लागल्या असत्या.

कोपऱ्यासाठी, कडेच्या पाव इंच अलीकडे थांबा, दोरा तोडा, पट्टी सरळ वर उभी करा म्हणजे ४५ अंशाची घडी पडते, मग तीच पट्टी खाली आणा आणि वरच्या कडेपासून परत टीप सुरू करा. पहिल्यांदा वाचून कळणार नाही, कागदाची पट्टी घेऊन दोनदा दुमडून बघा, लगेच कळेल.

प्रश्न: मुलगा दुसऱ्या शहरात होस्टेलवर आहे, त्याला पोस्टाने कुकीज पाठवायच्यात. मागच्या वर्षी डबा उघडला तर भुगा निघाला आणि जो भुगा नव्हता तो मऊ पडलेला.

उत्तर: मऊ पडलेल्याचं कारण, तुम्ही कुरकुरीत आणि मऊ कुकीज एकाच डब्यात भरल्या असणार. मऊतला ओलावा कुरकुरीतमध्ये जातो, शेवटी दोन्ही बेचव. डबे वेगळे ठेवा.

प्रवासाला शॉर्टब्रेड सगळ्यात भरवशाचं. वजनाने एक भाग साखर, दोन भाग बटर, तीन भाग मैदा, चिमूटभर मीठ, बस्स. ना अंडं ना पावडर, बटर जास्त आणि पाणी कमी म्हणून हवाबंद डब्यात दोन आठवडे सहज टिकतं. जाड ठेवा, बोटभर, पातळ मोडतं. १६० अंशांवर सावकाश भाजा, वरून तांबूस नाही, फिकट सोनेरी. गरम असतानाच सुरीने वड्या पाडून ठेवा, गार झाल्यावर कापायला गेलात तर तिथेच भुगा.

जिंजरब्रेड, म्हणजे आलं घातलेल्या कुकीज, त्याही चांगल्या जातात, फक्त बारीक हातपायांच्या माणसांच्या आकारांऐवजी चांदण्या किंवा गोल कापा. जर्मनीत न्यूरेंबर्गला लेबकुकन नावाची जी मसालेदार कुकी करतात ती तर सणाच्या बरीच आधी करून डब्यात मुरवायची वस्तू आहे, त्यांच्या एलिझेन प्रकारात निदान २५ टक्के बदाम, हेझलनट किंवा अक्रोड असतात आणि पीठ १० टक्क्यांच्या वर नसतं, म्हणून ती मऊच राहते. डब्यात मऊ कुकीज कोरड्या पडायला लागल्या तर एक पावाची स्लाइस टाकून बघा, दुसऱ्या दिवशी पाव कडक आणि कुकीज मऊ.

पॅकिंग, दोन-दोन कुकीजच्या पाठी जोडून कागदात गुंडाळा आणि डब्यात उभ्या रचा, आडव्या नाही. हलवून बघा, खडखड आवाज आला तर अजून कागद कोंबा. वर आयसिंग असेल तर आधी रात्रभर उघडं वाळू द्या, बोट लावून चिकटलं नाही की मगच गुंडाळा.

प्रश्न: मुलं कच्चं पीठ चाटतात. अंडं नाही घातलं तर चालेल ना?

उत्तर: नाही. अंड्याची भीती सगळ्यांना असते, मैद्याची कोणालाच नाही. मैदा कच्चाच असतो, शेतातून गिरणीत, गिरणीतून पिशवीत, मध्ये जंतू मारायची पायरी नसते. २०१६ मध्ये अमेरिकेत पिठातल्या ई. कोलायने बरेच जण आजारी पडले होते, पीठ परत मागवावं लागलं होतं. आणि घरी ओव्हनमध्ये मैदा भाजून घेतला की झालं असंही समजू नका, कोरड्या पिठात जंतू उष्णतेला सहज दाद देत नाहीत. मुलांना चाटायला चमचाभर चॉकलेट वितळवून द्या आणि विषय संपवा.

प्रश्न: ताई मला ओरडू नका. सुट्टीला बारा दिवस राहिलेत. बहिणीला डबल बेडची क्विल्ट द्यायची ठरवलीय, कापड आणलंय, अजून कापलेलं नाही. आणि शेजाऱ्यांना सहा प्रकारच्या कुकीज द्यायच्यात. नोकरी पण आहे. जमेल ना??

उत्तर: ओरडत नाही, पण नाही जमणार. डबल बेडची क्विल्ट म्हणजे तुझ्यासारख्या नोकरीवालीला दोन-तीन महिन्यांचं काम, आणि रात्री दोनला टीप मारलीस की सकाळी आठला उसवायला बसशील.

कुकीजचं आधी मिटवू. सहा पिठं नको, एकच साधं बटरचं पीठ चौपट मापात कर, त्याचे चार भाग कर. एकात कोको, एकात संत्र्याची किसलेली साल, एकात दालचिनी आणि आलं, एक तसंच. चारी भागांच्या लांब गुंडाळ्या करून बटर पेपरमध्ये घट्ट वळ आणि फ्रीझरमध्ये टाक, तीन महिने काही होत नाही त्यांना. द्यायच्या आदल्या संध्याकाळी काढ, दहा मिनिटं बाहेर ठेव, अर्ध्या इंचाचे काप पाड आणि भाज. कापताना प्रत्येक दोन कापांनंतर गुंडाळी थोडी फिरव, नाहीतर खालची बाजू चपटी होते आणि सगळ्या कुकीज कलिंगडाच्या फोडीसारख्या दिसतात. हे काम ह्या शनिवारी एका दुपारचं आहे.

आणि बहिणीसाठी, आणलेल्या कापडातून अडीच इंचाच्या पट्ट्या काप आणि सहा बाय दहा इंचाचं एक छोटं आसन कर, कप आणि कुकी शेजारीशेजारी ठेवायला. तीन थर, चार सरळ टिपा, गोट. दोन संध्याकाळी. चूक झाली तरी पाव इंचाचीच होईल. त्यावर दोन शॉर्टब्रेड ठेवून दे, आणि सांग की मोठी येतेय, हा नमुना आहे.

उरलेलं कापड मात्र ह्याच आठवड्यात धुऊन, दाबून ठेव. त्यात लाल आहे असं तू लिहिलंयस.